विंडोज ११ टाकल्यावर वायफाय तुटतंय? लॅपटॉप आणण्याआधी एवढं वाचा

गेलं वर्षभर आमच्या लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात काउंटरवर एकच वाक्य ऐकतोय. "अकरा मारून नेली आणि तेव्हापासून नेट टिकेना झालंय ओ." कोणी खानापूरहून येतो, कोणी उचगावहून, कोणी मागच्याच गल्लीतून. फोनवर प्रत्येकाला पहिल्यापासून सांगता सांगता आमची दुपार जाते आणि समोर बसलेल्या माणसाचं काम राहतं. म्हणून हे छापून घेतलं. बिलाबरोबर एक प्रत देतोय, ती घडी करून लॅपटॉपच्या बॅगेतच ठेवा.

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा सपोर्ट, म्हणजे नेहमीचे सुरक्षा अपडेट देणं, थांबवला. त्याच्या आगेमागे सगळ्यांनी एकदम उडी मारली. कोणी आमच्याकडून करून घेतलं, कोणी पुण्याच्या भाच्याकडून, तर कोणाचं बोट स्क्रीनवर आलेल्या निळ्या बटणावर पडलं. विंडोज ११ वाईट नाही. आमच्या दुकानातलं बिलिंग त्याच्यावरच चालतं. पण बदल झाला की पहिली कुरकुर वायफायची असते, आणि त्याला कारण आहे.

लॅपटॉपच्या पोटात अंगठ्याच्या नखाहून थोडं मोठं वायफाय कार्ड असतं. त्याचं बोलणं विंडोजला कळावं म्हणून मध्ये ड्रायव्हर नावाचा प्रोग्राम लागतो. दुभाषाचं काम काय असतं ते आपल्या बेळगावात वेगळं सांगायला नको. हा दुभाषी विंडोज १० च्या काळात तयार झालेला असतो. अपग्रेड करताना विंडोज एक तर त्यालाच पुढे नेते, नाहीतर स्वतःकडचा एखादा कामचलाऊ ड्रायव्हर बसवते. बहुतेक लॅपटॉपवर त्यानेही भागतं. जुन्या, स्वस्तातल्या कार्डांवर मात्र गडबड होते. जोडणी होते, पण झाकण मिटून उघडलं की तुटते. नाहीतर राउटरच्या वायफायच्या दोन बँडपैकी, म्हणजे दोन रेडिओ लहरींपैकी, जास्त वेगाच्या ५ गीगाहर्ट्‌झचं नाव यादीतून गायब होतं, किंवा सगळं बरोबर दिसतं आणि पानच उघडत नाही.

आधी दोष कोणाचा ते बघा

लॅपटॉप जिथे अडखळतो त्याच जागी बसून फोन त्याच वायफायला जोडा आणि फोनचा मोबाईल डेटा बंद करा. हा शेवटचा भाग लोक हमखास विसरतात. मागच्या पावसाळ्यात एक गृहस्थ तीनदा आले. "फोनवर चालतंय, लॅपटॉपवर नाही, म्हणजे लॅपटॉपच खराब." तिसऱ्या खेपेला घरी फोन लावून बाईंना डेटा बंद करायला सांगितला, तर फोनलाही नेट नाही. वायफाय मेलं की फोन गुपचूप सिमवर जातो आणि आपल्याला वाटतं सगळं ठीक आहे. त्यांची फायबरची तारच उंदराने कुरतडली होती.

त्यामुळे फायबर असेल तर डब्याकडेही एक नजर टाका. 'लॉस' लिहिलेला दिवा लाल असेल तर दोष लाईनचा आहे, इंटरनेटवाल्यालाच फोन लावा. आमच्याकडे येऊन उपयोग नाही. लाईट गेली आणि दहा सेकंदांत आली, तरी राउटर पुन्हा पूर्ण उभा राहायला दोन-तीन मिनिटं घेतो. तेवढ्यात लॅपटॉप जोडला जातो आणि 'इंटरनेट नाही' असं दाखवत बसतो. ज्यांच्याकडे इन्व्हर्टर आहे पण राउटर इन्व्हर्टरच्या लाईनवर नाही, त्यांची निम्मी तक्रार हीच असते. राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो, तळहातावर मावतो. आम्हीही ठेवतो, पण कुठूनही घ्या.

दुसरी गोष्ट घराची. खानापूर, जांबोटीकडच्या जांभ्याच्या भिंती, जुन्या वाड्यांच्या मातीच्या हातभर जाड भिंती, यांतून ५ गीगाहर्ट्‌झ फारसं पार होत नाही. २.४ गीगाहर्ट्‌झ लांब जातं, पण वेग कमी आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांची गर्दी जास्त. दोन्हींना राउटरने एकच नाव दिलेलं असलं की लॅपटॉप कधी इकडे कधी तिकडे उड्या मारतो, आणि प्रत्येक उडीला मीटिंग अडकते. नव्या ड्रायव्हरने ही उड्या मारायची सवय बदलली असेल, तर काल चालत होतं ते आज बिघडल्यासारखं वाटतं. राउटरमध्ये दोघांना वेगळी नावं द्या आणि आतल्या खोलीत २.४ वापरा. एवढ्यानेच कितीतरी लॅपटॉप दुकानात यायचे थांबलेत. आमचं नुकसान म्हणा हवं तर.

आणि आता ती एक टिक

फोनवर चालतंय, लॅपटॉपवरच तुटतंय, एवढं नक्की झालं की माणूस व्हिडिओ बघतो. व्हिडिओवाला सांगतो, डिव्हाइस मॅनेजर (विंडोजमधली लॅपटॉपच्या सगळ्या भागांची यादी) उघडा, वायफाय कार्डावर राइट क्लिक करा, 'अनइन्स्टॉल डिव्हाइस' दाबा. इथपर्यंत फार बिघडत नाही. पण तिथे एक छोटा चौकोन असतो, 'या डिव्हाइसचा ड्रायव्हर काढून टाकण्याचा प्रयत्न करा' अशा अर्थाचा. त्यावर टिक केलीत की घोटाळा झाला.

टिक न करता काढलं तर रिस्टार्टनंतर विंडोज आपल्या साठ्यातला तोच ड्रायव्हर परत बसवते. टिक केली तर तो साठ्यातूनही जातो. मग विंडोजकडे त्या कार्डासाठी दुसरं काही नसेल तर खाली कोपऱ्यातलं वायफायचं चिन्हच नाहीसं होतं. ड्रायव्हर आणायला नेट पाहिजे आणि नेट आणायला ड्रायव्हर. विहिरीत बादली पडली आणि दोर घरी, तशी गत. आधीच्या ड्रायव्हरवर परत नेणारं 'रोल बॅक ड्रायव्हर' हे बटण आधी चालू असलं, तर तेही आता फिकट पडतं, कारण मागे जायला मागे काही उरलेलंच नसतं.

पुढची पायरी ठरलेली. शेजारच्याच्या कॉम्प्युटरवरून पेन ड्राइव्हवर एखादा फुकट 'ड्रायव्हर अपडेटर' आणायचा. तो तेवीस ड्रायव्हर जुने असल्याचं लाल अक्षरांत दाखवतो, आवाजाचा, टचपॅडचा, सगळ्यांचे बदलतो आणि शेवटी पैसे मागतो. मग लॅपटॉप आमच्याकडे येतो. तोवर वायफायबरोबर आवाजही गेलेला असतो, आणि माणूस म्हणतो, "फक्त वायफायचं बघा, पटकन होईल ना? नाहीतर फॉरमॅट मारून द्या."

पटकन होत नाही, म्हणून तर हे छापलं. काही न छेडता आलेला लॅपटॉप बहुतेक वेळा चहा पिऊन होईपर्यंत हातात देता येतो. टिक मारून, अपडेटर फिरवून आलेला लॅपटॉप अर्धा दिवस खातो. आधी काय काय बदललंय ते शोधायचं, मग एकेक मागे न्यायचं. पैसे आम्ही दोघांकडून सारखे घेत नाही आणि त्यावरून दरवेळी वाद होतो. उद्यमबागेतल्या एका कारखान्याचे अकाउंटंट महिन्याच्या १९ तारखेला असा लॅपटॉप घेऊन आले होते. दुसऱ्या दिवशी जीएसटीचं रिटर्न भरायची शेवटची तारीख. त्या संध्याकाळी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून आम्ही बसलो होतो. त्यांचा राग आमच्यावर होता, आणि टिक त्यांच्या मुलाने केली होती.

टिक होऊन गेलीच असेल तर घाबरू नका. मोबाईल चार्जिंगच्या केबलने लॅपटॉपला जोडा आणि फोनच्या सेटिंगमध्ये 'यूएसबी टेदरिंग' चालू करा. वायफाय नसलं तरी लॅपटॉपला फोनचं नेट मिळतं. केबल फक्त चार्जिंगची नको, डेटा जाणारी हवी. मग लॅपटॉप ज्या कंपनीचा आहे तिच्या साइटवर जाऊन, मागच्या स्टिकरवरचा मॉडेल नंबर टाकून वायफायचा ड्रायव्हर घ्या. दुसऱ्या कुठल्याही साइटवरून नको.

घरी करून बघण्यासारखं

सगळ्यात आधी रिस्टार्ट. "दहा वेळा बंद करून चालू केला" असं लोक सांगतात, पण 'फास्ट स्टार्टअप' चालू असलं की 'शट डाउन' केल्यावर विंडोज पूर्ण बंद होत नाही. आतला भाग तसाच जपून ठेवते आणि पुढच्या वेळी तोच उचलते, बिघाडासकट. 'रिस्टार्ट' निवडलं तरच सगळं नव्याने उभं राहतं. चिन्हच गेलं असेल, आणि तुम्ही टिक केलेली नसेल, तर लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा आणि मग चालू करा. कार्ड अडकून बसलेलं असेल तर बऱ्याचदा सुटतं.

त्यानंतर वायफायच्या यादीत आपलं नाव शोधून 'फरगेट' करा आणि पासवर्ड पुन्हा टाका. झाकण उघडल्यावरच तुटत असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये वायफाय कार्डाचे गुणधर्म उघडा. तिथे 'पॉवर मॅनेजमेंट' या पानावर वीज वाचवण्यासाठी हे डिव्हाइस बंद करायला परवानगी देणारी टिक असते, ती काढा. ही टिक काढायची आहे, वरची टिक करायचीच नव्हती. गोंधळ करू नका. काही नव्या लॅपटॉपवर हे पान दिसतच नाही, तेव्हा शोधत बसू नका.

जरा धीट असाल तर तिथेच 'अपडेट ड्रायव्हर' मधून 'माझ्या कॉम्प्युटरवरच्या यादीतून निवडू द्या' इथपर्यंत जा. एकाच कार्डाचे दोन-तीन ड्रायव्हर तारखांसह दिसले तर सध्याचा सोडून दुसरा निवडा. पटला नाही तर परत पहिला निवडता येतो. काहीही हरवत नाही.

'नेटवर्क रीसेट' सगळ्यात शेवटी. त्याने जतन केलेले सगळे वायफाय पासवर्ड आणि ऑफिसचं व्हीपीएन, म्हणजे घरून ऑफिसच्या नेटवर्कला जोडणारी सुरक्षित जोडणी, असेल तर तेही जातं. पासवर्ड कुठे लिहून ठेवलाय ते आधी बघा.

ब्लूटूथ हेडफोन लावल्यावरच वायफाय रडत असेल तर ५ गीगाहर्ट्‌झवर या. ब्लूटूथ २.४ वरच चालतं आणि बहुतेक लॅपटॉपमध्ये दोघांचं कार्डही एकच असतं.

दहा दिवस

विंडोज १० वरून ११ वर गेल्यावर मागे यायला दहा दिवस मिळतात. सेटिंगमध्ये 'सिस्टिम', मग 'रिकव्हरी', तिथे 'गो बॅक'. त्यासाठी जुनी विंडोज एका फोल्डरमध्ये राखून ठेवलेली असते. तो फोल्डर बरीच जागा खातो म्हणून लोक 'डिस्क क्लीनअप' करून तो उडवतात आणि पाचव्या दिवशी येऊन मागे न्या म्हणतात. मग आम्हीही काही करू शकत नाही. वायफाय कुरकुरतंय असं वाटलं तर दहा दिवसांच्या आत सांगा. अकराव्या दिवशी आलात तर रस्ता लांबचा आहे. मागे गेलात तरी ते कायमचं उत्तर नाही, विंडोज १० चं वर लिहिलंच आहे.

आमच्या पद्धतीबद्दल थोडं

आम्ही अपग्रेड करण्याआधी सध्याचे सगळे ड्रायव्हर काढून ठेवतो आणि लॅपटॉप देताना पेन ड्राइव्हवर देतो. पेन ड्राइव्ह तुमचा असेल तर त्याचे वेगळे पैसे नाहीत. बाहेर याहून स्वस्तात करून देतात हे आम्हाला ठाऊक आहे. तिथे हा पेन ड्राइव्ह मिळतो का, ते विचारा.

लॅपटॉप एक रात्र ठेवून घेतो त्यावरून बोलणी खातो. कारण असं की आमच्या टेबलावर राउटर सहा फुटांवर आहे, इथे सगळ्यांचंच चालतं. म्हणून लॅपटॉप आतल्या गोदामात, दोन भिंतींपलीकडे, बॅटरीवर ठेवतो, झाकण मिटतो आणि सकाळी उघडून बघतो. दुरुस्ती खरी झाली की नाही ते तेव्हाच कळतं.

ज्या लॅपटॉपला विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, म्हणजे टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) नाही किंवा इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीच्या आधीचा आहे, त्यावर आडवाटेने अकरा टाकून देत नाही. बसते, हे खरं. पण पुढचा मोठा अपडेट बसेल याची खात्री कोणी देत नाही, आणि तक्रार घेऊन लोक आमच्याकडेच येतात.

कार्डच जुनं असेल आणि कंपनीने त्याचा नवा ड्रायव्हर काढलाच नसेल, तर त्यावर तास घालवण्यापेक्षा यूएसबीचा वायफाय डोंगल लावणं स्वस्त पडतं. दोन्ही बँड पकडणारा घ्या. आमच्याकडे आहे, इथेच लावून दाखवतो. तो बाहेरच्या हार्ड डिस्कच्या शेजारच्या खाचेत मात्र खुपसू नका. यूएसबी ३ ची डिस्क चालू असली की २.४ च्या सिग्नलमध्ये खरखर येते. दुसऱ्या बाजूला लावा, नाहीतर वीतभर एक्स्टेन्शन घ्या.

आणायचाच असेल तर जसा आहे तसा आणा. काय काय करून बघितलं ते एका चिठ्ठीवर लिहा, टिक केली असेल तर तेही, आम्ही कोणाला रागावत नाही. राउटरच्या पाठीवरच्या स्टिकरचा फोटो फोनमध्ये असू द्या. गणपतीत गल्लीत गाडी येत नाही, तेव्हा कोपऱ्यावर लावून चालत या. आणि चार्जर विसरू नका, प्रत्येक पिनचा चार्जर आमच्याकडे नाही.