पॅकेट मोडेम जोडताना: आधी आवाज, मग बाकीचे

पॅकेट मोडेम म्हणजे संगणकावरचा मजकूर छोट्या गठ्ठ्यांत, म्हणजे पॅकेटांत, हौशी रेडिओवरून पाठवणारा आणि घेणारा डबा. तो घरी नेल्यावर दोन-चार दिवसांत आमचा फोन वाजतो. "कानाला पॅकेट स्वच्छ ऐकू येतंय, पण स्क्रीन कोरी." नाहीतर, "लाल दिवा लागतो, समोरच्याला मात्र काही मिळत नाही." मग मोडेम नाशिकच्या सातपूरला आमच्याकडे परत येतो, आम्ही तो आमच्या रिगला (रेडिओ सेटला) लावतो आणि तो निमूट चालतो. दोष मोडेममध्ये क्वचितच निघतो. तो असतो रेडिओ आणि मोडेम यांच्यामधल्या आवाजाच्या पातळीत. तोवर ग्राहकाने सॉफ्टवेअर तीनदा काढून पुन्हा टाकलेले असते. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. गंगापूर रोडच्या सोमेश्वराला यात ओढायचे नाही, पण म्हण अगदी चपखल बसते.

हे असे का होते ते आधी समजून घ्या, कारण ते कळले की अर्धी दुरुस्ती तुम्हीच कराल. व्हीएचएफवर (३० ते ३०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात) आपले पॅकेट सेकंदाला १२०० बिट या वेगाने जाते आणि त्यासाठी दोनच सूर वापरले जातात: १२०० हर्ट्झ आणि २२०० हर्ट्झ. सूर बदलला की शून्य, तोच राहिला की एक. प्रत्येक पॅकेटच्या शेवटी १६ बिटांची तपासणी असते. वाटेत एक बिट जरी चुकला तरी मोडेम ते अख्खे पॅकेट टाकून देतो आणि स्क्रीनवर काहीच दाखवत नाही. माणसाचे बोलणे खरखरीतूनही कळते, अर्धा शब्द गेला तरी आपण जुळवून घेतो. पॅकेटला ती सवलत नाही. म्हणून "ऐकू तर नीट येतंय" हा पुरावा इथे चालत नाही.

जोडणी

चार तारा असतात: रेडिओच्या स्पीकरकडून येणारा आवाज, माइककडे जाणारा आवाज, पीटीटी (ट्रान्समिट सुरू करणारी कळ) आणि ग्राउंड. गाडीत बसवायच्या (मोबाइल) रिगला मागे सहा पिनांचे डेटा सॉकेट असेल तर तेच वापरा, कारण तिथली पातळी व्हॉल्यूमच्या नॉबवर अवलंबून नसते. ९६०० बॉडवर काम करायचे असेल तर या सॉकेटवाचून गत्यंतर नाही. माइक-स्पीकरच्या वाटेने तो वेग निघत नाही.

दोन पिनच्या चिनी हँडीला (हातात धरायच्या सेटला) केबल घरी बनवणार असाल तर एवढे लक्षात ठेवा. त्यात पीटीटीची वेगळी तार नसते. मोठ्या ३.५ मिमी पिनची स्लीव्ह (बुडाकडचा धातूचा भाग) आणि छोट्या २.५ मिमी पिनची स्लीव्ह एकमेकींना टेकली की सेट ट्रान्समिटवर जातो. "दोन्ही ग्राउंडच तर आहेत" म्हणून त्या एकत्र सोल्डर केल्या की पिन घुसवताच सेट जो ट्रान्समिटवर जातो तो बॅटरी संपेपर्यंत. माइकची तार शिल्डवालीच घ्या.

रेडिओवर स्क्वेल्च (सिग्नल नसताना खरखर दाबणारी सोय) पूर्ण उघडा. खरखर ऐकून घरचे वैतागतील, पण स्क्वेल्च उघडायला लागणाऱ्या वेळात पॅकेटचे डोके कापले जाते. हँडीचा बॅटरी सेव्हर बंद करा, कारण त्यात रिसीव्हर मधून मधून डुलकी घेतो. हे आम्ही ठणकावून सांगतो, कारण पांडवलेणीच्या पायथ्याशी अँटेनाला शिव्या देत आम्ही स्वतः एक संध्याकाळ घालवली आहे. अँटेना निर्दोष होता, सेव्हर चालू होता.

व्हॉल्यूम निम्म्याच्या आसपास ठेवून सुरुवात करा आणि मोडेमवरचा पिवळा दिवा बघा. पॅकेट आले की तो लागावा, संपले की विझावा. नुसत्या खरखरीवर कायम पेटत असेल तर व्हॉल्यूम जास्त आहे. अशा वेळी मोडेमला चॅनल सतत व्यस्त वाटतो आणि तो ट्रान्समिटच करत नाही. "पाठवतच नाही" या तक्रारीचे मूळ बरेचदा इथे असते.

तुमच्या भागात पॅकेटची वर्दळ नसेल तर तपासायला काय घ्यायचे? आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरचा डिजिपीटर (ऐकलेले पॅकेट पुन्हा पुढे पाठवणारा सेट) चालू असेल तेव्हा १४५.८२५ मेगाहर्ट्झवर पॅकेट पाठवतो. स्थानक डोक्यावरून जाताना दहा मिनिटांच्या आत सगळे उरकते. गच्चीवर जा, हँडी उघड्यावर धरा. फुकटात मिळणारा याहून चांगला टेस्ट सिग्नल आम्हाला माहीत नाही.

पाठवण्याची पातळी

इथे सर्वांत जास्त चुकते, म्हणून घाई करू नका. मोडेमवरचा निळा प्रीसेट (फिरवून पातळी ठरवायचा छोटा भाग) म्हणजे माइककडे जाणारा आवाज. तो वाढवला म्हणजे सिग्नल लांब जातो, ही समजूत डोक्यातून काढा. सिग्नल किती लांब जाणार ते वॅट आणि अँटेना ठरवतात. प्रीसेट ठरवतो ते डेव्हिएशन (आवाजामुळे फ्रीक्वेन्सी किती हलते ते), आणि ते ३ किलोहर्ट्झच्या आसपास हवे. जास्त झाले की रेडिओतला लिमिटर सुरांची टोके छाटतो आणि समोरच्याला पॅकेट ऐकू येऊनही उलगडत नाही.

मीटर नसला तरी चालते. रिगला अँटेनाऐवजी डमी लोड (पॉवर उष्णतेत जिरवणारा भार) लावा, पॉवर सर्वांत कमी ठेवा, सॉफ्टवेअरमधून टेस्ट टोन सोडा आणि दुसऱ्या हँडीवर ऐका. प्रीसेट हळूहळू वाढवा. एका जागी आवाज वाढायचा थांबेल. तिथून मागे या, आवाज त्याच्या निम्म्याहून किंचित जास्त राहील इतके. मग नेलपॉलिशचा थेंब टाकून प्रीसेट पक्का करा.

रेडिओच्या स्पीकरकडे येईपर्यंत उंच सूर खालच्यापेक्षा सुमारे ५ डेसिबल दबलेला असू शकतो. तो फरक आमचा मोडेम सांभाळून घेतो. मध्ये वेगळा टोन कंट्रोल किंवा इक्वलायझर लावून त्यात भर घालू नका.

टीएक्स डिले

पीटीटी दाबल्यापासून रेडिओ खरोखर पूर्ण पॉवरवर यायला वेळ लागतो. तोवर पाठवलेले बिट हवेतच जात नाहीत. म्हणून तेवढा वेळ थांबायचे, तोच टीएक्स डिले. किस मोडमध्ये (संगणक आणि मोडेम यांच्यातल्या साध्या बोलीत) हा आकडा दहा मिलिसेकंदांच्या हिशेबात असतो, म्हणजे ३० लिहिले की ३०० मिलिसेकंद. ३० ने सुरू करा. हँडी जुनी किंवा स्वस्त असेल तर ५० करा, चालू लागले की पाच-पाचने खाली आणा. परसिस्टन्स (चॅनल मोकळा दिसताच पाठवण्याची शक्यता) ६३ आणि स्लॉट टाइम (पुन्हा बघण्याआधी थांबायचा वेळ) १० राहू द्या.

तरीही अडले तर

संगणकावर मोडेमचा कॉम पोर्ट दिसत नसेल तर आधी यूएसबी केबल बदला. मोबाइलबरोबर आलेल्या काही केबल फक्त चार्जिंगच्या असतात. लिनक्सवर पोर्ट दिसतो पण उघडत नसेल तर तुमचे नाव डायलआउट गटात घालून पुन्हा लॉगिन करा.

ट्रान्समिट केल्यावर पीटीटी अडकते, लॅपटॉपचा माउस पळत सुटतो किंवा यूएसबी तुटते? मग रेडिओची ऊर्जा केबलमधून परत आत शिरते आहे. डमी लोडवर हेच करून बघा. तिथे नीट चालले तर निदान पक्के. केबलवर फेराइटची कडी चढवा, शक्यतो त्यातून तीन-चार वेढे घ्या, अँटेना टेबलापासून लांब न्या. आवाजात गुणगुण असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा. गुणगुण थांबली तर ग्राउंड लूप (ग्राउंड दोन वाटांनी जोडले जाणे) आहे.

त्र्यंबक-इगतपुरीकडच्या ग्राहकांसाठी वेगळे सांगतो. पावसाळ्यात चाललेला सेट अचानक मंदावला तर मोडेम उघडू नका, गच्चीवर जा. कोॲक्सच्या (अँटेनाच्या केबलच्या) कनेक्टरमध्ये पाणी शिरलेले असते. मृगाच्या आधी सांध्यावर सेल्फ-अमाल्गमेटिंग (स्वतःलाच चिकटून एकजीव होणारी) टेप गुंडाळलेली बरी. आणि ब्रह्मगिरीच्या कुशीत बसून नाशिक शहर थेट मिळत नसेल तर त्यावर टेपही उपाय नाही आणि प्रीसेटही नाही. मध्ये डोंगर आहे. उंचावरचा डिजिपीटर लागेल.

परवाना

ट्रान्समिट करण्यासाठी डब्ल्यूपीसीचा (केंद्र सरकारच्या वायरलेस नियोजन विभागाचा) हौशी रेडिओ परवाना हवाच. सॉफ्टवेअरमध्ये स्वतःचाच कॉलसाइन (परवान्यावरचे स्टेशनचे ओळखनाव) घाला. मित्राचा "तात्पुरता" नको. कॉलसाइनच्या मागे गाडीतल्या सेटला उणे ९ आणि हँडीला उणे ७ लावायची प्रथा आहे. हौशी बँडवर संदेश कूटबद्ध करून पाठवता येत नाही. घरच्या स्टेशनचा बीकन (ठरावीक वेळाने आपोआप जाणारे पॅकेट) अर्ध्या तासातून एकदा पुरे. घर काही हलत नाही.

दुरुस्तीसाठी येताना नुसता मोडेम आणू नका. रेडिओ, केबल आणि जमल्यास लॅपटॉपही बरोबर आणा. प्रीसेट कुठल्या जागी होता ते फिरवण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा.