परागांची क्रॉस-रिअ‍ॅक्टिव्हिटी

एका झाडाच्या परागावर भडकायला शिकलेली इम्यून सिस्टीम दुसऱ्याच झाडाच्या परागालाही तोच समजून भडकते, याला क्रॉस-रिअ‍ॅक्टिव्हिटी म्हणतात. गोव्यातल्या एखाद्या पेशंटच्या हातावर स्किन प्रिक टेस्ट (परागाच्या अर्काचा थेंब ठेवून त्वचेला बारीक टोचणं) केली आणि माड, पोफळ, हरळ, गाजर गवत सगळ्याच थेंबांखाली गांध उठली, की खरा प्रश्न हाच, की याला चार अ‍ॅलर्ज्या आहेत की मूळ एक आणि बाकीच्या तिच्यामागून आलेल्या.

हे दोन पातळ्यांवर घडतं आणि त्या एकत्र केल्या की गोंधळ होतो. पहिली पातळी आयजीई अँटीबॉडीची. तिचा शोध 1966-67 च्या सुमारास इशिझाका दांपत्य आणि स्वीडनचे योहान्सन व बेनिख यांनी वेगवेगळा लावला, नाव 1968 मध्ये पक्कं झालं. आयजीई मास्ट सेल आणि बेसोफिल या अ‍ॅलर्जीतल्या पेशींवर बसून असते, शेजारच्या दोन आयजीई एकाच प्रोटीनला अडकल्या की पेशी हिस्टामिन हे खाज-शिंका आणणारं रसायन सोडते आणि काही मिनिटांत शिंका सुरू. आयजीई बहुतेक वेळा प्रोटीनचा घडीचा, बाहेरचा आकार ओळखते. दुसरी पातळी टी सेल या पांढऱ्या पेशीची. तिचं तसं नाही, तिला प्रोटीन तोडून उरलेला तुकडा दुसऱ्या पेशीने आपल्या पृष्ठभागावरच्या एचएलए रेणूत धरून दाखवावा लागतो आणि त्यातला साधारण 9 अमिनो आम्लांचा गाभा महत्त्वाचा असतो. म्हणून आकार मोडला तरी टी सेलला ओळख पटते. बर्च या थंड प्रदेशातल्या झाडाच्या परागाची अ‍ॅलर्जी असलेल्यांत हे स्पष्ट दिसलंय. सफरचंदात त्या परागातल्यासारखंच प्रोटीन असतं: सफरचंद शिजवलं की तोंडाला खाज येत नाही, पण टी सेल जाग्या होतात आणि काहींचा एक्झिमा वाढतो. बर्च गोव्यात नाही, तत्त्व मात्र इथेही लागू.

साम्य किती हवं यावर मतं वेगवेगळी आहेत. आयजीईसाठी ढोबळ अंदाज असा, की दोन प्रोटीनमधला अमिनो आम्लांचा क्रम 70 टक्क्यांहून जास्त जुळला तर क्रॉस-रिअ‍ॅक्शन सर्रास, 50 च्या खाली क्वचित. 2001 चा एफएओ-डब्ल्यूएचओचा 80 अमिनो आम्लांत 35 टक्क्यांचा निकष जीएम अन्नाच्या तपासणीसाठी आहे, तो पेशंटला लावणं बरोबर वाटत नाही.

सगळंच पॉझिटिव्ह येतं तेव्हा संशय ठरावीक तीन गोष्टींवर जातो. प्रोफिलिन हे प्रोटीन जवळपास प्रत्येक वनस्पतीत असतं, पोलकॅल्सिन हे प्रोटीन फक्त परागात. तिसरा प्रकार प्रोटीनला चिकटलेल्या साखरेच्या साखळ्यांचा, त्याने रक्ततपासणी पॉझिटिव्ह येते पण त्रास बहुधा होत नाही, आणि तो तपासायला अननसातलं ब्रोमेलेन वापरतात.

गोव्यात कुळागरातली, म्हणजे बागायतीतली, माड-पोफळीची जोडी पहिली बघावी लागते. माड, पोफळ, ताड आणि शिंदी यांच्या परागांत सामायिक अ‍ॅलर्जन (अ‍ॅलर्जी आणणारं प्रोटीन) असल्याचं कोलकात्याच्या अभ्यासात दिसलं, त्यामुळे फोंडा-सत्तरीकडच्या माणसाला माड आणि पोफळ दोन्ही निघाले तर मूळ एकच असण्याची शक्यता जास्त. काजूच्या परागावर गोव्यातल्या दम्याच्या रुग्णांचा अभ्यास 1995 मध्ये छापून आलाय. काजूबी खाऊन होणारी अ‍ॅलर्जी वेगळी, ती बियांतल्या साठवणीच्या प्रोटीनची.

हरळीत गवतांचा ग्रुप 1 अ‍ॅलर्जन असतो पण थंड प्रदेशातल्या टिमोथी गवतातला ग्रुप 5 नसतो, म्हणून टिमोथीच्या अर्कावरून हरळीचा अंदाज बांधू नये.

गाजर गवत 1950 च्या दशकात अमेरिकन गव्हाबरोबर पुण्यात आलं असं सर्रास छापतात. पुण्याची नोंद 1956 ची खरी, पण वनस्पतिशास्त्रज्ञ रॉक्सबर्गच्या 1814 च्या वनस्पतींच्या यादीतही ते असल्याचं काही वनस्पतिशास्त्रज्ञ दाखवतात, म्हणजे आधी तुरळक असावं आणि फैलाव नंतर झाला असावा, हे जास्त पटतं. ते रॅगवीड या अमेरिकेतल्या अ‍ॅलर्जी आणणाऱ्या तणाच्या कुळातलं. रॅगवीडशी कधी संबंध न आलेल्या भारतीय पेशंटांतही रॅगवीडची टेस्ट पॉझिटिव्ह आली, ती गाजर गवतामुळे.

इम्युनोथेरपी, म्हणजे परागाचा अर्क थोडाथोडा देऊन शरीराला सवय लावणं, ठरवताना म्हणून मूळ पराग कुठला ते आधी शोधतात, परागातल्या एकेका प्रोटीनची वेगळी तपासणी करून आणि त्रास कुठल्या महिन्यात होतो ते विचारून. नुसत्या प्रोफिलिनमुळे पॉझिटिव्ह आलेला अर्क शक्यतो टाळतात.