वारसा स्थळ मागायचं की संवर्धन राखीव?

गावची देवराई किंवा फुलांचा सडा (म्हणजे जांभ्या खडकाचं सपाट पठार) वाचवायचा ठरला की ग्रामसभा ठराव करते: ‘हे क्षेत्र संरक्षित घोषित करावे.’ कुठल्या कायद्याखाली, हे मात्र त्यात नसतं. ‘जैवविविधता वारसा स्थळ’ आणि ‘संवर्धन राखीव’ हे दोन शब्द बातम्यांत एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात. पण त्यांचे कायदे वेगळे आहेत, आणि वनस्पतींच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे.

सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात दोन्ही पाहायला मिळतात. हेवाळे-बांबर्डे इथली रानजायफळाची दलदल २०२१ साली वारसा स्थळ झाली. तिचं क्षेत्र जेमतेम २.५९ हेक्टर. बारमाही पाणी, काळा चिखल आणि त्यातून श्वास घेण्यासाठी वर आलेली झाडांची मुळं. अशा दलदली मुख्यतः केरळ-कर्नाटकात आढळतात, आणि ही त्यांतली अगदी उत्तरेकडची. ती टिकली, कारण ती देवाची राई होती आणि गावाने तिथे कुऱ्हाड लावली नाही. याच तालुक्यातलं तिलारी संवर्धन राखीव २०२० सालचं, सुमारे २९ चौरस किलोमीटरचं. गोव्यातल्या म्हादई अभयारण्याकडे जाणारी वन्यप्राण्यांची वाट तुटू नये, हा त्यामागचा मोठा हेतू.

संवर्धन राखीवाची तरतूद वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये आहे. २००२ च्या दुरुस्तीने ती आली. जमीन सरकारी मालकीची हवी, आणि अभयारण्यालगतच्या किंवा दोन अभयारण्यांना जोडणाऱ्या पट्ट्यांवर भर. राखीवाच्या व्यवस्थापन समितीत ग्रामपंचायतीचे प्रतिनिधी असतात, पण ती मुख्य वन्यजीव रक्षकांना सल्ला देते. वणवा लावणं, स्फोटकं किंवा घातक रसायनं वापरणं यांवर बंदी येते. झाडांना याचा फायदा होतोच, पण आखणी जनावरांच्या वाटांवरून झालेली असते.

वारसा स्थळ येतं जैविक विविधता कायदा, २००२ च्या कलम ३७ मधून. राज्य सरकार स्थानिक संस्थेशी सल्लामसलत करून ते अधिसूचित करतं. जमीन सरकारीच हवी अशी अट त्या कलमात नाही, आणि कोकणात सगळं अडतं ते याच अटीपाशी. रत्नागिरीच्या सड्यांवर दिपकाडी ही दुर्मिळ फुलवनस्पती फुलते, पण त्यांतले कितीतरी सडे खासगी मालकीचे. महसुली कागदांवर ते पडीक, म्हणजे कोणाच्याही खिजगणतीत नसलेले. अशा जागेसाठी संवर्धन राखीव मागण्यात अर्थ नाही. (खासगी किंवा सामूहिक जमिनीसाठी वन्यजीव कायद्यात ‘समुदाय राखीव’ आहे, पण त्यासाठी मालकाने स्वतःहून पुढे यावं लागतं.)

म्हणून देवराई, दलदल किंवा सडा यांसाठी मी वारसा स्थळाचाच आग्रह धरेन. तिथे दोन-अडीच हेक्टरही पुरतात आणि एखादं झुडूपही कारण ठरू शकतं. शिवाय गावाच्या चालत आलेल्या वापरावर परस्पर बंदी येत नाही. बंधनं गावाने स्वतः ठरवायची असतात.

यातली उणीवही गावाने ओळखून असावी. काय करू नये याची यादी कलम ३७ मध्ये नाही. व्यवस्थापन आराखडा झाला नाही, तर उरतो नुसता फलक. शिवाय २.५९ हेक्टरची दलदल पाण्यावर जगते, आणि ते पाणी येतं हद्दीबाहेरच्या उतारावरून. त्या उतारावर रबर किंवा अननसाची लागवड झाली, तर अधिसूचना दलदलीला वाचवू शकणार नाही. प्रस्तावाच्या नकाशात झरा आणि त्याचा उतार आलेच पाहिजेत.

सुरुवात करायची ती लोक जैवविविधता नोंदवहीपासून, म्हणजे गावातल्या वनस्पती-प्राण्यांच्या आणि त्यांबद्दलच्या माहितीच्या नोंदीपासून. प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असणं कायद्याने बंधनकारक आहे आणि ही नोंदवही तिने लोकांना विचारून करायची असते. आपल्या गावची मागवून वाचा. देवराईतली झाडं त्यात नावानिशी नसतील, तर जाणत्या माणसांना सोबत घेऊन ती आधी लिहून घ्या. मग ठरावात कलम ३७ चा उल्लेख करा, गट क्रमांक आणि नकाशा जोडा आणि प्रस्ताव नागपूरच्या महाराष्ट्र राज्य जैवविविधता मंडळाकडे पाठवा.