पक्ष्यांसाठी परवडणारी टेलिफोटो लेन्स: आधी व्यास मोजा

टेलिफोटो लेन्सच्या खोक्यावर सगळ्यात ठळक छापलेला असतो तो फोकल लेंथचा आकडा: ३००, ४००, ६००. दुकानात चौकशी त्याच आकड्याची होते आणि घासाघीसही त्याच्यावरूनच. पण लांबच्या पक्ष्याचा फोटो कितपत उतरेल, याचा जास्त खरा अंदाज त्या आकड्याला एफ नंबरने (लेन्सवर एफ/६.३ असा लिहिलेला आकडा) भागल्यावर येतो. ३०० मिमी, एफ/६.३ म्हणजे ३०० भागिले ६.३, साधारण ४८ मिमी. ६०० मिमी, एफ/६.३ म्हणजे ९५ मिमी. हा लेन्सचा प्रभावी व्यास. पक्ष्याकडून निघालेला प्रकाश जेवढ्या रुंद वर्तुळातून आत शिरतो, तेवढा.

फोकल लेंथचं काम वेगळं आहे. पक्ष्याची प्रतिमा सेन्सरवर किती मोठी पडणार, एवढंच ती ठरवते. हिशेब असा: पक्ष्याची लांबी गुणिले फोकल लेंथ, भागिले अंतर. १५ सेंटिमीटरची चिमणी १० मीटरवर बसली असेल तर ३०० मिमीने तिची प्रतिमा ४.५ मिमीची पडते, ४०० ने ६ मिमी, ६०० ने ९ मिमी. २४ मेगापिक्सेलच्या एपीएस-सी (लहान, म्हणजे ‘क्रॉप’) सेन्सरवर एका मिलिमीटरमध्ये साधारण २५५ पिक्सेल मावतात, म्हणजे चिमणी अनुक्रमे ११५०, १५३० आणि २३०० पिक्सेल लांब दिसेल. पिसांची ठेवण नीट दिसायला पक्षी निदान हजार पिक्सेल लांब हवा, असा ठोकताळा धरा. ३०० मिमीला ही चिमणी १० मीटरवर जेमतेम पुरते. तीच २० मीटरवर गेली की ५७५ पिक्सेल उरतात, आणि मग कितीही क्रॉप केलं तरी ठिपकाच मोठा होतो.

‘क्रॉप सेन्सरवर ४०० ची लेन्स ६०० होते’ हे वाक्य दुकानात हमखास ऐकू येतं. होत नाही. चौकट लहान होते म्हणून पक्षी तिच्यात मोठा दिसतो. सेन्सरवरची प्रतिमा ६ मिमीचीच राहते आणि प्रकाशही ७१ मिमी व्यासातून येतो तेवढाच. टेलिकन्व्हर्टरचंही (कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये बसणारं, प्रतिमा वाढवणारं भिंग) तसंच. १.४ पटीचा लावला की ४०० एफ/५.६ ची ५६० एफ/८ होते, व्यास तोच ७१. प्रतिमा मोठी होते, पण तेवढाच प्रकाश जास्त जागेत पसरतो.

तपशिलाची मर्यादाही व्यासच ठरवतो. प्रकाश लहरींनी बनलेला असल्यामुळे बिनदोष लेन्ससुद्धा एका बिंदूची प्रतिमा बिंदू म्हणून देत नाही, छोटी चकती म्हणून देते. दोन जवळचे बिंदू वेगळे कधी दिसतील याचा निकष लॉर्ड रॅली यांनी १८७९ साली मांडला. तो लावला तर ४८ मिमी व्यासाच्या लेन्सला २० मीटरवरच्या पक्ष्यावरचा सुमारे ०.२८ मिमीचा तपशील वेगळा करता येतो आणि ९५ मिमीच्या लेन्सला ०.१४ मिमीचा. एफ/६.३ च्या लेन्सला दोन पटीचा टेलिकन्व्हर्टर लावून हाती काही का लागत नाही, याचं उत्तर इथेच आहे. एफ/१३ ला ती चकती साधारण १७ मायक्रॉनची होते. पिक्सेल असतो चारेक मायक्रॉनचा. पिक्सेल वाढतात, पण नवा तपशील जवळजवळ येत नाही.

आता प्रकाशाचं बघू. कर्नाळ्यासारख्या दाट झाडीत सकाळी दयाळ किंवा स्वर्गीय नर्तक सावलीत बसलेला असतो. एफ/६.३ आणि १/५०० सेकंदाचं शटर धरलं तर आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता; ती वाढली की फोटो दाणेदार होतो) ८००० च्या आसपास जातो. त्याच जागी एफ/११ ची लेन्स असेल तर तिप्पट, म्हणजे २४,००० च्या घरात. कॅननच्या आरएफ ६०० मिमी एफ/११ चा व्यास ५५ मिमी आहे आणि एफ/६.३ च्या ६०० चा ९५. क्षेत्रफळाचं गुणोत्तर काढलं तरी तेच तिप्पट येतं. कॅननच्या एफ/११ च्या लेन्स २०२० मध्ये आल्या. ९३० ग्रॅमची ही लेन्स भिगवणच्या उघड्या पाण्यावर, लख्ख उन्हात रोहित पक्ष्यांसाठी छान चालते. जंगलासाठी घेऊ नका.

व्यास वाढला की किंमत कशी चढते तेही लक्षात घ्या. ६०० मिमी एफ/४ म्हणजे १५० मिमी व्यास, आणि त्या लेन्स दहा लाखांच्या आसपास किंवा वर जातात. एवढी मोठी, निर्दोष काच घडवणंच महाग. त्यामुळे ‘परवडणारी’ म्हणजे व्यवहारात ४५ ते ९५ मिमी व्यासातली.

त्यात तळाशी कॅननची ५५-२५० (व्यास ४५, वजन ३७५ ग्रॅम) आणि निकॉनची एएफ-पी ७०-३०० एफ/६.३ (४८, ४१५ ग्रॅम). बागेतले पक्षी, बगळे, ताडोबातले वाघ, हरणं यांना पुरतात. कॅननच्या आरएफ माउंटचा (माउंट म्हणजे लेन्स बसते ते कडं) कॅमेरा असेल तर आरएफ १००-४०० एफ/५.६-८ जास्त बरी. तिचा व्यासही ५० मिमीच, पण ६३५ ग्रॅममध्ये ४०० मिमी मिळतात आणि ती ०.८८ मीटरपर्यंत जवळ फोकस करते, त्यामुळे फुलपाखरं आणि चतुरही टिपता येतात. मधल्या गटात सिग्मा आणि टॅमरॉनच्या १००-४०० एफ/५-६.३ आणि ४.५-६.३ (टोकाला व्यास ६३, वजन ११०० ग्रॅमच्या आगेमागे). याच गटात कॅननची जुनी ४०० मिमी एफ/५.६ आहे. १९९३ ची रचना, व्यास ७१, वजन १२५० ग्रॅम. तिच्यात स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर थोपवणारी यंत्रणा) नाही आणि ३.५ मीटरच्या आत ती फोकस करत नाही. पण फोकस झपाट्याने धरते आणि पूर्ण उघडी (सगळ्यात लहान एफ नंबरला) असतानाही धारदार आहे. घारी, शिक्रे, बगळे उडताना टिपायचे असतील तर वापरलेल्या लेन्समध्ये तिच्याइतका चोख सौदा क्वचितच मिळतो. अडॅप्टर लावून ती कॅननच्या मिररलेसवरही (आतला आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांवरही) व्यवस्थित चालते.

वरच्या गटात सिग्मा आणि टॅमरॉनच्या १५०-६००, निकॉनची २००-५०० एफ/५.६, सोनीची २००-६००. व्यास ८९ ते ९५, पुढे ९५ मिमीचा फिल्टर, वजन दोन किलोच्या आसपास. ज्याला पक्षीछायाचित्रण म्हणतात ते खरं इथून सुरू होतं. मात्र सिग्मा-टॅमरॉनच्या या झूम ६०० मिमीला पूर्ण उघड्या असताना थोड्या मऊ (कमी धारदार) पडतात, एफ/८ ला सुधारतात. ५५० च्या आसपास थांबलात तर एफ/६.३ लाही बरा फोटो येतो.

दोन किलो ऐकायला कमी वाटतात. तीन तास पायी फिरल्यावर मान आणि खांदे बोलू लागतात, हात थरथरतो आणि फोटो हलतो. पायी पक्षी शोधणाऱ्याला सव्वा किलोची ४०० जास्त फोटो मिळवून देते, कारण ती गळ्यात असते, बॅगेत नसते. मोठी लेन्स घेतलीच तर पट्टा कॅमेऱ्याला न लावता लेन्सच्या पायाला लावा, नाहीतर सगळा भार माउंटवर येतो.

झूमचं महत्त्व व्याघ्रप्रकल्पात कळतं. जिप्सीपासून १५ मीटरवर वाघ रस्त्यावर आला, तर एपीएस-सी कॅमेऱ्यावर ६०० मिमीने चौकटीत आडवी जागा मावते फक्त ५९ सेंटिमीटर, म्हणजे तोंड आणि खांद्याचा तुकडा. १५० मिमीला २.३५ मीटर मावते. म्हणून ताडोबात प्राइमपेक्षा (एकाच फोकल लेंथच्या लेन्सपेक्षा) झूम. तिथे ट्रायपॉड उघडायलाही जागा नसते. बीनबॅग रिकामी न्या आणि मुक्कामी तांदूळ किंवा चणे भरा. थर्माकोलचे मणी लेन्सच्या वजनाखाली सरकत राहतात. इंजिन बंद करायला सांगा. उलट, भिगवणच्या होडीत लेन्स काठाला टेकवू नका, इंजिनची थरथर थेट आत येते. कोपर अंगाला चिकटवून हातातच धरा.

स्टॅबिलायझेशन हाताची थरथर थोपवतं, पक्ष्याची हालचाल नाही. बसलेल्या पक्ष्याला निदान १/२५० लागतं, कारण मान सतत वळत असते. उडणाऱ्या बगळ्याला १/१६००, वेड्या राघूला १/३२००. स्टॅबिलायझेशन नसेल तर क्रॉप सेन्सरवर ६०० मिमीला १/१००० च्या खाली जाऊ नका.

फोकस सतत पुढेमागे भटकत असेल तर लेन्सवरचा फोकस लिमिटर पाहा. दूरचे पक्षी टिपताना तो १० मीटर ते अनंत या खुणेवर ठेवला की लेन्स जवळचं अंतर शोधण्यात वेळ घालवत नाही. बऱ्याच डीएसएलआरची (आरशाच्या कॅमेऱ्यांची) फोकस यंत्रणा एफ/५.६ पर्यंतच भरवशाची असते. एफ/६.३ ची झूम संध्याकाळी अडखळते आणि तिच्यावर टेलिकन्व्हर्टर लावला तर ऑटोफोकस बंदच पडू शकतो. मिररलेसला ही अडचण फारशी नाही.

चांगली लेन्स, भक्कम आधार, १/२००० सेकंद, तरीही फोटो पाण्याखालून काढल्यासारखा आला तर लेन्स दुरुस्तीला टाकू नका. तापलेल्या जमिनीवरची हवा हलते, तिची घनता जागोजागी बदलते आणि प्रकाश वाकतो. कडबनवाडीसारख्या माळरानावर एप्रिलमध्ये सकाळी दहानंतर ४० मीटरवरचा चंडोलही लिबलिबतो. फोकल लेंथ जितकी जास्त तितकी ही थरथर मोठी दिसते. यावर पैसे मोजून मिळणारा उपाय नाही. सूर्योदयानंतरचे पहिले दोन तास गाठा, आणि अंतर कमी करा.

परवडण्याचा सगळ्यात मोठा मार्ग म्हणजे वापरलेली लेन्स, आणि ती तपासायला अर्धा तास हवा. आधी माउंटची जुळणी बघा. निकॉनच्या डी३०००, डी५००० मालिकांतल्या कॅमेऱ्यांत फोकस मोटर नाही, त्यामुळे स्वतःची मोटर नसलेल्या जुन्या एएफ-डी लेन्स त्यांच्यावर हातानेच फोकस कराव्या लागतात. उलट, नव्या प्रकारच्या मोटरच्या एएफ-पी लेन्स डी९० किंवा डी७००० वर फोकसच करत नाहीत.

मग लेन्सची दोन्ही झाकणं काढा, अंधाऱ्या खोलीत मागून मोबाइलची टॉर्च तिरकी मारा आणि पुढून पाहा. धुळीचे चार-सहा कण चालतात, फोटोत दिसत नाहीत. कोळ्याच्या जाळ्यासारखे किंवा मुळांसारखे फाटे दिसले तर ती बुरशी. पसरत जाऊन ती काचेचा लेप खाते. अशी लेन्स कितीही स्वस्त मिळो, सोडून द्या. काचेच्या कडेला दुधट पट्टा किंवा इंद्रधनुषी रंग दिसले तर चिकटवलेल्या काचा सुटत आहेत.

त्यानंतर विटांच्या भिंतीसमोर किंवा भिंतीवर ताणून लावलेल्या वर्तमानपत्रासमोर कॅमेरा ट्रायपॉडवर अगदी समांतर ठेवा. लेन्स पूर्ण उघडी, फोकल लेंथ सगळ्यात मोठी, दोन सेकंदांचा टायमर. चारही कोपरे १०० टक्के मोठे करून पाहा. चारही सारखेच मऊ असतील तर तो त्या लेन्सचा स्वभाव. एकच कोपरा किंवा एक बाजू वितळल्यासारखी दिसली तर आतली एखादी काच सरकलेली आहे, बहुधा लेन्स पडलेली असते. फिल्टरच्या आट्यांवर चेपल्याची खूण आहे का तेही बघा.

शेवटी जवळच्या आणि लांबच्या वस्तूवर आलटून पालटून वीस-तीस वेळा फोकस करायला लावा. मोटर घरघरली किंवा मध्येच थांबली तर दुरुस्तीचं बिल ठरलेलं. स्टॅबिलायझेशन चालू करून शटरचं बटण अर्धं दाबा. व्ह्यूफाइंडरमधलं दृश्य क्षणात स्थिर व्हायला हवं, उड्या मारायला नको. आणि पुढे लावलेला स्वस्तातला यूव्ही फिल्टर काढूनच सगळं तपासा. लांब लेन्सवर तो एकटाच धार घालवू शकतो. संरक्षणाला हूड (लेन्सपुढचं नळकांडं) पुरेसं आहे.

घेतलेली लेन्स पावसाळ्यात कपाटातल्या बॅगेत ठेवू नका. कोकणात आणि गोव्यात तर अजिबात नको, कापडाचं अस्तर ओल धरून ठेवतं. ड्राय कॅबिनेट परवडलं तर उत्तम. नाहीतर हवाबंद प्लास्टिकचा डबा, आत सिलिका जेल आणि छोटं आर्द्रतामापक, आणि काटा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान. जेलच्या दाण्यांनी रंग बदलला की ते तव्यावर मंद आचेवर वाळवून पुन्हा वापरता येतात. होडीतून किंवा पावसातून आलेली लेन्स आधी पुसून, पंख्याखाली तासभर ठेवून मगच डब्यात टाका.