महसुली तूट आणि राजकोषीय तूट

अर्थसंकल्पाच्या दिवशी टीव्हीवर एकच तूट झळकते. 2025-26 साठी ती जीडीपीच्या 4.4 टक्के धरली होती. ही राजकोषीय तूट: कर्ज सोडून सरकारकडे येणारा सगळा पैसा एकूण खर्चाला जेवढा कमी पडतो तेवढी. म्हणजेच त्या वर्षी नव्याने काढायचं कर्ज, 15.69 लाख कोटी रुपये.

महसुली तूट विचारते ते वेगळंच. कर, लाभांश, शुल्क अशा नेहमीच्या उत्पन्नातून निदान नेहमीचा खर्च तरी भागतो का? पगार, निवृत्तिवेतन, अनुदानं आणि जुन्या कर्जावरचं व्याज हा तो खर्च. यातलं एकटं व्याजच 12.76 लाख कोटींचं. त्याच अर्थसंकल्पात महसुली उत्पन्न 34.20 लाख कोटी आणि महसुली खर्च 39.44 लाख कोटी होता. 5.24 लाख कोटी कमी पडत होते, ते कर्जातूनच भरायचे. काढलेल्या दर तीन रुपयांतला एक रुपया इथेच संपतो. त्यातून रेल्वेमार्ग होत नाही की पूल. ऋण काढून सण करणं म्हणतात ते हेच, आणि फेडायचं मात्र आज शाळेत असलेल्या मुलांनी.

अर्थात सगळा महसुली खर्च वाया जातो असं नाही. शिक्षकाचा पगार त्यातच मोडतो. घरकुलांसाठी केंद्र राज्यांना अनुदान देतं, तेही त्यातच. म्हणून घरकुलांसारखं काही उभं करणारी अनुदानं वजा करून ‘प्रभावी महसुली तूट’ वेगळी दाखवतात.

2003 च्या एफआरबीएम, म्हणजे सरकारला आर्थिक शिस्त लावणाऱ्या, कायद्यात दोन्ही तुटींना लगाम होता. राजकोषीय तूट 3 टक्क्यांवर आणि महसुली तूट शून्यावर आणायची होती. 2018 च्या दुरुस्तीत महसुली तुटीचं लक्ष्य काढून टाकलं गेलं. मला ही चूक वाटते. फक्त राजकोषीय तूट आवरायची असेल, तर पगार आणि व्याजाला हात लावता येत नाही. कात्री लागते ती रस्त्याला, धरणाला. आकडा सुधारलेला दिसतो आणि मागे राहतं ते काहीही उभं न करता घेतलेलं कर्ज. अलीकडे केंद्राने भांडवली खर्च, म्हणजे रस्ते-धरणांसारखं काही उभारण्यावरचा खर्च, बराच वाढवला आहे, 2025-26 मध्ये तो 11.21 लाख कोटी धरला होता, हे खरं आहे. पण तो कायद्याने बांधलेला नाही. अडचणीच्या वर्षी पहिला घाव त्याच्यावरच पडू शकतो.