तांबेकर वाडा: चित्रांमागच्या विटा

बडोद्यात तांबेकर वाड्याचा विषय निघाला की गाडी थेट भित्तिचित्रांवर येते. चित्रं आहेतच तशी. पण रावपुऱ्यातला हा चार मजली वाडा मुळात वीट, चुना आणि सागवानाचा आहे, हे बघायला फारसं कुणी थांबत नाही.

बडोदं वसलंय विश्वामित्रीकाठच्या गाळाच्या जमिनीवर. पुण्यासारखा काळा दगड इथे हाताशी नाही. पुढे लक्ष्मीविलास राजवाड्यासाठी सोनगड, पुणे, आग्रा अशा ठिकाणांहून दगड आणवला, पण तो महाराजांचा खर्च. बाकीच्यांना मातीच भाजावी लागे. म्हणून जुन्या शहरातली मातब्बरांची घरंसुद्धा विटांची. विटेच्या भिंतीत सागाच्या तुळया गुंफायच्या, वर कडीपाट, म्हणजे लाकडी कड्या-फळ्यांचं छत, घालायचं आणि सगळं चुन्याने लिंपून टाकायचं. लाकूड लवचीक, त्यामुळे भूकंपाचा हादराही अशी भिंत बऱ्यापैकी सोसते. वाड्याची घडण मराठी. दर्शनी भागातले कोरीव खांब आणि पुढे आलेले सज्जे मात्र अस्सल गुजराती सुतारकामाचे.

वाड्याचे धनी विठ्ठल खंडेराव तांबेकर, म्हणजेच भाऊ तांबेकर. गणपतराव गायकवाडांच्या कारकिर्दीत, १८४९ ते १८५४, ते बडोद्याचे दिवाण होते. दिवाणाचं घर म्हणजे अर्धी कचेरीच. त्या काळी बडोद्याची दिवाणगिरी म्हणजे तारेवरची कसरत होती: एकीकडे महाराज, दुसरीकडे पैसा पुरवणारे पेढीवाले आणि डोक्यावर इंग्रज रेसिडेंट, म्हणजे दरबारातला कंपनी सरकारचा प्रतिनिधी. रेसिडेंट जेम्स आउट्रमने १८५१ मध्ये अहवाल दिला की बडोद्याचा पैसा लाचेच्या रूपाने थेट मुंबई सरकारच्या दारापर्यंत पोचतो. मुंबई सरकारला ते झोंबलं आणि आउट्रमलाच बडोद्यातून हलवलं. पण गव्हर्नर जनरल डलहौसीच्या पाठबळावर तो १८५४ मध्ये परत आला आणि त्याच वर्षी भाऊंची दिवाणगिरी गेली.

हे माहीत असलं की आतल्या भिंती वेगळ्याच दिसू लागतात. कृष्णलीला आहे, महाभारतातले प्रसंग आहेत, गणपती आहे. मराठी घरात हे असायचंच. पण त्याच घरात मराठे-इंग्रज लढाईही रंगवली आहे आणि झग्यातल्या गोऱ्या मडमाही आहेत. इंग्रजांशी लढाई आणि इंग्रजांची ऐट, दोन्ही एकाच छपराखाली. कुणी मुद्दाम टोमणा मारला असेल असं मला वाटत नाही. दिवाणखान्यात येणाऱ्याला जे बघायला आवडे, ते चितारलं.

सयाजीरावांच्या काळात थाटमाट जुन्या वस्तीबाहेर सरकला. लक्ष्मीविलास १८९० चा, न्यायमंदिर ही कोर्टाची इमारत १८९६ ची. त्यांच्यापुढे रावपुऱ्यातला वाडा जुनाट ठरला. आता तो केंद्रीय पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक आहे. घराण्याची मालकी जाऊन सरकारी पाटी लागली, म्हणूनच तो टिकला असं माझं मत. आजूबाजूच्या वाड्यांच्या जागी दुकानं आणि फ्लॅट कसे उभे राहिले, ते बडोदेकरांना सांगायला नको.

विटेचा एक दोष मात्र पाटी लावून जात नाही. ती पाणी पिते. ओल चढली की भिंतीला लोणा लागतो, क्षार चुन्याबाहेर येतात आणि रंगाचे पोपडे सुटतात. रंग कितीही जपून जोडले तरी वरची पन्हळ गळत असेल तर पुढच्या पावसाळ्यात तेच काम पुन्हा निघतं.