लॉ स्टुडंट्सच्या प्रो बोनो कामाची दखल

कायद्याचं शिक्षण घेताना विद्यार्थी गरजू लोकांची कामं फी न घेता, म्हणजे प्रो बोनो, करतात, त्याची कॉलेजने किंवा न्यायव्यवस्थेने अधिकृत नोंद घ्यायची, अशी ही पद्धत आहे. कुठे सर्टिफिकेट, कुठे मार्कशीटवर उल्लेख, अमेरिकेत तर पदवीदानाच्या दिवशी गाऊनवर वेगळ्या रंगाची दोरीसुद्धा घालायला देतात.

सक्तीची सुरुवात अमेरिकेतच झाली. न्यू ऑर्लिन्सच्या टुलेन लॉ स्कूलने 1987 मध्ये पदवीसाठी प्रो बोनो काम कंपल्सरी केलं, मग पेनसिल्व्हेनिया, कोलंबिया, हार्वर्ड वगैरे मंडळींनीही तेच केलं. न्यूयॉर्क तर आणखी पुढे गेलं. तिथले तेव्हाचे मुख्य न्यायाधीश जोनाथन लिपमन यांनी 2012 मध्ये जाहीर केलं की वकिलीची सनद हवी तर आधी 50 तास प्रो बोनो दाखवा, आणि 1 जानेवारी 2015 पासून सनद घेणाऱ्यांना ते लागू झालं. काम कायद्याशी संबंधित आणि वकील, प्राध्यापक किंवा न्यायाधीशाच्या देखरेखीखालीच हवं, म्हणजे रक्तदान शिबिर, वृक्षारोपण कितीही चांगलं असलं तरी या 50 तासांत धरत नाहीत. तसल्या समाजसेवेसाठी बऱ्याच लॉ स्कूल्समध्ये वेगळे अवॉर्ड्स असतात.

आपल्याकडे पाया आहे तो 1976 च्या 42 व्या घटनादुरुस्तीने आलेल्या कलम 39अ चा, म्हणजे मोफत कायदेशीर मदतीचा. विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 चा, पण प्रत्यक्ष लागू झाला 9 नोव्हेंबर 1995 ला, म्हणून त्या तारखेला विधी सेवा दिन असतो आणि कॉलेजांची रॅली, पथनाट्यंही बहुतेक त्याच सुमारास निघतात. बार कौन्सिलच्या, म्हणजे वकिली आणि कायद्याच्या शिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या संस्थेच्या, 2008 च्या नियमांनी प्रत्येक लॉ कॉलेजात लीगल एड क्लिनिक, म्हणजे मोफत कायदेशीर मदतीचं केंद्र, असायलाच पाहिजे असं ठरवलं. मात्र विद्यार्थ्याकडे सनद नसते त्यामुळे कोर्टात उभं राहता येत नाही, अमेरिकेत बऱ्याच राज्यांत सीनियर विद्यार्थ्यांना देखरेखीखाली तेवढी मुभा आहे.

मग आपली पोरं करतात काय, तर कागदाचं काम. गावातल्या शिबिरात नवरा वारलेली बाई सातबारा घेऊन येते, वारस नोंद झालेली नसते, तलाठ्याकडे दोनदा जाऊन आलेली असते, तिला अर्ज लिहून द्यायचा, मृत्यूचा दाखला आणि बाकीचे कागद जोडायचे आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायला सांगायचं. कुणाचं संजय गांधी निराधारचं प्रकरण असतं, कुणाचं रेशनकार्डातलं नाव. हे किचकट काम आहे, वेळ खातं, फोटोत दिसत नाही. आणि घोडं इथंच पेंड खातं, कारण अहवालात फोटो पाहिजे असतात, त्यामुळे सर्टिफिकेट पथनाट्याच्या पूर्ण टीमला मिळतं आणि अर्ज लिहित बसलेल्याला कधी मिळतं कधी नाही.

त्यातल्या त्यात बरी दखल म्हणजे पॅरा लीगल व्हॉलंटियर, म्हणजे लोकांना कायदेशीर मदतीपर्यंत पोचवणारा, वकील नसलेला स्वयंसेवक. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या 2009 च्या योजनेत लॉच्या विद्यार्थ्यांनाही सनद घेईपर्यंत हे काम करता येतं, ट्रेनिंग मिळतं, ओळखपत्र मिळतं आणि कामाच्या दिवसांचं थोडंफार मानधनही. गरजूंना फी न घेणाऱ्या वकिलांशी जोडून देणाऱ्या केंद्राच्या न्याय बंधू योजनेखाली कॉलेजांत प्रो बोनो क्लबही निघालेत.

तास मोजून दखल घ्यायची की झालेल्या कामावरून, हा वाद सगळीकडे आहे. तास मोजायला सोपे म्हणून तेच चालतात. न्यूयॉर्कची 50 तासांची अट तिथे एलएलएम (कायद्यातली मास्टर्स पदवी) करून सनद घेणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांनाही आहे, काम भारतात केलेलं चालतं पण एलएलएम सुरू व्हायच्या आधीच्या एका वर्षातलं किंवा त्यानंतरचं हवं, आणि देखरेख करणाऱ्याची फॉर्मवर सही लागते. पुण्या-मुंबईहून जाणाऱ्यांनी ती सही निघायच्या आधीच घेऊन ठेवलेली बरी, नंतर तिकडून फोनवर वकीलसाहेब सापडणं अवघड.